डब्यात न गेलेला बिल्ला

भाऊजी,

एकदा मी आपल्या गावची चालती दूध डेअरी एका दिवसात बंद पाडली होती, तीही केवळ माझी म्हैस आटली म्हणून. ही गोष्ट तुम्ही जन्मभर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलीत, आणि प्रत्येक वेळी मी चिडून आत निघून गेले. आता सांगणारा राहिला नाही, तेव्हा माझी मीच सांगते. तुमच्या सांगण्यात माझं लुगडं दर खेपेला वेगळ्या रंगाचं असायचं, ते तरी एकदा नीट होईल. हिरवं होतं.

पण हे दुसरं कुणी वाचलं तर त्याला आधी तुमचा डबा माहीत पाहिजे. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होता, गुडघे कायम खरचटलेले, आणि धाकट्या दिराला नावानं हाक मारायची नाही म्हणून मी तुम्हाला अहो-जाहो करायची. "अहो भाऊजी, नाक पुसा," असं म्हटलं की सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. तेव्हाही तो डबा तुमच्या काखेत होता. बिस्किटाचा, पत्र्याचा, झाकणावर गुलाब. आत निजामाच्या वेळच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावरचा एक पितळी बिल्ला, आणि बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधल्या हमालाचा एक. तुम्ही त्याचे नियम केले होते. ज्या जागेचा बिल्ला, ती जागा बंद पडलेली पाहिजे, नाहीतर तिचं नाव तरी बदललेलं पाहिजे. आणि बिल्ला वापरलेलाच पाहिजे. कोरा कुणी आणून दिला तर म्हणायचे, ह्याला कुणी धरलंच न्हाई, हा काय बोलणार.

चालू जागेचा बिल्ला आला की तुम्ही तो माघारी धाडायचे. सगळ्या गावाला हे माहीत झालं होतं. दुष्काळात रस्त्याला खडी फोडायचं काम निघालं, काही महिन्यांनी ते बंद झालं म्हणून बातमी आली, तर लोकांनी आधी तुमच्या डब्यात डोकावून पाहिलं. त्यात खडीच्या कामाचा पत्र्याचा बिल्ला दिसला तेव्हा कुठं त्यांचा विश्वास बसला. पेपर आपल्याकडं शिळा होऊन यायचा. डबा ताजा असायचा.

तर म्हैस. माझ्या माहेरहून, गेवराईकडच्या गोदाकाठावरून आलेली, पाण्यात डुंबायची सवय असलेली म्हैस. तिला आपल्याकडं अंग ओलं करायला चिखलसुद्धा नव्हता. उसाची वाळलेली वाढी खाऊन खाऊन ती बिचारी आटली. डेअरीच्या प्रत्येक सभासदाला पितळी बिल्ला असायचा, दूध घालताना तो खिडकीवर ठेवायचा आणि त्याच्या नंबराखाली दूध लिहून घ्यायचे. मला वाटलं, दूध संपलं म्हणजे बिल्ला संपला. त्या वयात माझं जग म्हशीच्या शिंगापाशी सुरू व्हायचं आणि शेपटीपाशी संपायचं. तुम्ही कामासाठी बीडला गेला होता. मी डबा उघडला, बिल्ला आत सोडला आणि फार मोठं काही अर्पण केल्याच्या तोऱ्यात घागर घेऊन टँकरवर गेले. तिथं बायांनी विचारलं, कावून गं अशी गप्प? मी एक सुस्कारा सोडला. सुस्कारे सोडण्यात मी तेव्हा लई हुशार होते. म्हणाले, आमचा डेअरीचा बिल्ला गेला बाई भाऊजींच्या डब्यात.

बास. रांगेच्या शेवटाला पोचेपर्यंत डेअरी बंद पडली होती. घागरी घरी पोचेपर्यंत ती का बंद पडली त्याची कारणंही तयार झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या गावाचं दूध मोठ्या रस्त्यावरच्या खव्याच्या भट्टीवर गेलं. डेअरीचे सचिव आबा खिडकीत बसून माश्या हाकत राहिले. टेम्पो आला आणि रिकामे कॅन खडखडवत परत गेला. जाताना ड्रायव्हर आबांना सांगून गेला की असंच राहिलं तर हे गाव टेम्पोच्या वाटेतून काढून टाकतील. त्या वर्षी शेतात काही नव्हतं. ज्यांच्या म्हशी आटल्या नव्हत्या त्यांच्या घरात जे चार पैसे दिसायचे ते ह्याच टेम्पोनं यायचे. खवेवाला आज भाव देईल, उद्या दुसरी सोय नाही म्हटल्यावर पाडेल, हे कळायलाही मला तुमची वाट बघावी लागली.

तुम्ही संध्याकाळी आलात, डबा उघडलात, आणि मला वाटलं आता काही खरं नाही. तुम्ही ओरडला नाहीत. तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, ओरडले, सासूबाई बोलल्या, मी म्हटलं घरोघर जाऊन सांगते की चूक झाली. तुम्ही मान हलवलीत.

"वैनी, आता माणसाचं कुणी ऐकत न्हाई. बिल्ल्यालाच चालत पाठवावं लागंल."

सकाळी शेजारच्या काकूंकडून दूध उसनं आणलं. अर्धीच चरवी झाली. अर्धी चरवी घेऊन गावातून मिरवायची मला लाज वाटली, म्हणून तुमचं लक्ष नसताना मी ती भरली. कशानं, ते पुढं कळेलच. बिल्ला काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला, हिरवं लुगडं नेसले आणि निघाले. मागून तुम्ही, डब्याचं झाकण उघडं धरून, प्रसाद वाटत निघाल्यासारखे. दारादारात थांबून लोक डब्यात बघायचे, मग माझ्या गळ्यात बघायचे. एवढं लग्नातही कुणी माझ्याकडं बघितलं नव्हतं.

खिडकीवर मी बिल्ला ठेवला. आबांनी दुधात पाणी ओळखायची काचेची डिग्री सोडली. ती जी बुडाली ती वर यायचं नाव घेईना. आबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाई, हे दूध न्हाई, टँकर हाय."

दुष्काळात पाणी एवढं महाग, आणि मी ते दुधात घातलं. अशी अक्कल. खिडकीपुढं जमलेले सगळे हसत सुटले. हसणाऱ्यांत निम्म्या बाया खव्याच्या भट्टीकडं निघालेल्या होत्या. हसायला म्हणून थांबल्या, डोईवरच्या चरव्या खाली ठेवल्या, आणि आबांनी लगेच त्यांच्या दुधात डिग्री सोडली. एवढी फजिती वाया गेली नाही. टेम्पो त्या दिवशी भरून गेला.

परत येताना मी रडत होते. तुम्हाला रडणाऱ्या बाईशी काय बोलावं ते कधीच कळलं नाही, म्हणून तुम्ही काहीतरी विचारायचं म्हणून विचारलंत, वैनी, तुमचं माहेरचं नाव काय? तुमच्या घरात येऊन मला चार वर्षं झाली होती. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं सुमन लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, आणि त्या दिवसापासून मी सुमन होते. आधी काय होते ते तुमच्या घरात कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. मी नाक ओढत सांगितलं, गोदावरी.

तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "मग दुधात पाणी येणारच की."

मी रडता रडता तुम्हाला चरवी मारायला उचलली होती. आठवतं?

पुढं तुम्ही साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागलात. आपल्या भागातल्या लोकांनी शेअर घेऊन उभा केलेला कारखाना, तुमच्या दादांचाही त्यात एक शेअर होता आणि तो कागद त्यांनी देवाच्या फोटोमागं ठेवला होता. तिथं टाइम ऑफिसात भिंतीवर एक मोठी फळी होती, प्रत्येक कामगाराचा एक खिळा. कामावर आलात की खिळ्यावर बिल्ला अडकवायचा, जाताना खिशात टाकायचा. तुमचा पितळी बिल्ला घामानं आणि खिशातल्या सुपारीनं काळा पडला होता. मी एकदा चिंच लावून तो लख्ख घासला तर तुम्ही दोन दिवस जेवताना माझ्याशी बोलला नाहीत.

मग पावसानं पाठ फिरवली, ऊस राहिला नाही, एका हंगामात धुराडं पेटलं नाही आणि पुढच्याही नाही. बाकीच्यांनी हिशेब घेतला, बिल्ले जमा केले. तुम्ही सांगितलंत, हरवला. तुमच्या आयुष्यातली तेवढी एक थाप मला माहीत आहे, आणि तीसुद्धा तुम्हाला नीट मारता आली नव्हती, कारण सांगताना तुमचा हात खिशावर होता.

मी म्हटलं, चला, आता हा डब्यात. तुम्ही म्हणालात, बंद न्हाई वैनी, थांबलाय. दर वर्षी गाळपासाठी गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचे दिवस आले की इस्त्रीचा शर्ट घालून, बिल्ला खिशात ठेवून तुम्ही एसटीनं जायचे. कुलूप लावलेल्या गेटसमोर उभं राहायचे, टपरीवर चहा प्यायचे आणि परत यायचे. मी विचारायची, लागली का हजेरी? तुम्ही म्हणायचे, लागली. तुमची कमल होती तोवर तिनं ह्यात कधी तोंड घातलं नाही. माझी जाऊ शहाणी होती. घरात एक तरी लागते.

म्हातारपणी तुम्ही जुगारी झालात ती माझ्या नातवाची कृपा. अमोल गोव्याला हॉटेलात स्वयंपाकाच्या कामाला लागला. तिथं नदीत उभ्या असलेल्या बोटींवर जुगाराचे अड्डे आहेत, कॅसिनो म्हणतात. पैशाऐवजी रंगीत चकत्या लावून खेळतात, त्या चिप्स. एखादा कॅसिनो बंद पडला की त्या चकत्यांना कुणी विचारत नाही. अमोलनं पहिल्या सुट्टीत एक आणली. लाल, कडेला पांढरे पट्टे, मधे बोटीचं चित्र, हातांनी घासून घासून चित्रातला अर्धा शिडाचा खांब गेलेला. तुम्ही ती तळहातावर घेतलीत, वजन बघितलंत, हुंगलीत, आणि पहिला प्रश्न विचारलात, "चालू हाय का बंद?"

बंद आहे म्हटल्यावर तुमचा चेहरा असा फुलला की मला वाटलं बोट तुमचीच होती. मग दर सुट्टीला अमोल चिप्स आणायला लागला. हिरव्या, काळ्या, एक तर जांभळी. कोरी असली की तुम्ही परत करायचे. घासलेली असली की खिडकीशी बसून निरखत राहायचे. म्हणायचे, वैनी, ह्यावरनं किती लोकांचे अंगठे फिरलेत बघा, हरणाऱ्याचा अंगठा जास्त जोरात फिरत असंल. जन्मात कधी पत्त्याला हात न लावलेला माणूस, बीड जिल्ह्यातल्या ओसरीवर बसून गोव्याच्या जुगाऱ्यांचे अंगठे मोजतोय. भजनी मंडळातल्या लोकांनी येऊन मला हळूच विचारलं, की भाऊजी काही खेळायला लागले आहेत का. मी म्हटलं, काय सांगू, पाच हजारांची चकती आहे डब्यात. खोटं नव्हतं, चकतीवर तसं लिहिलेलंच होतं. त्यानंतर महिनाभर त्यांनी तुमच्यापुढं टाळ ठेवले पण वर्गणीचा डबा ठेवला नाही. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. आता ऐकून घ्या.

नागपंचमीला मी पोरांना घेऊन त्या चिप्स लावून तीन पत्ती खेळले तेव्हा मात्र तुम्ही खरे रागावलात. एकेक गोळा करून फडक्यानं पुसलीत आणि म्हणालात, ते दमलेत वैनी, त्यांना आता खेळवू नका.

आणि मग तो वाद. कारखाना कुठल्या तरी कंपनीनं चालवायला घेतला. धुराडं पेटलं. गेटवर नव्या नावाची पाटी लागली, निळ्या अक्षरांची. तुम्ही टपरीवर दोन चहा पिऊन आलात आणि मला म्हणालात, बघा, थांबला होता. मी ते मनात धरून ठेवलं. मी वाट बघत होते. दिवाळीत अमोलनं एक चिप आणली, सांगितलं, बोट तीच, जागा तीच, माणसंही बरीचशी तीच, फक्त मालक बदलला आणि नाव बदललं. तुम्ही एका क्षणाचा विचार न करता ती डब्यात टाकलीत.

मी पकडलं तुम्हाला. म्हटलं, अहो भाऊजी, बोट चालूच आहे की, नुसतं नाव बदललंय. मग गोव्याच्या बोटीला एक नियम आणि तुमच्या कारखान्याला दुसरा? काढा तो बिल्ला खिशातून. इतक्या वर्षांनी तुम्हाला कोपऱ्यात गाठलं म्हणून मला उकळ्या फुटत होत्या. तुम्ही चिपकडं बघितलंत. मग माझ्याकडं बघितलंत.

"नाव बदललं म्हणून काय झालं? तुमचं न्हाई बदललं? मग तुमी काय बंद पडल्या का?"

मी चहाचा कप आपटला आणि उठले. तुम्हाला वाटलं, वैनी हरल्या म्हणून रागावल्या. मी आत जाऊन पिठाच्या डब्याशी उभी होते. काही करत नव्हते, नुसती उभी. बाहेर तुम्ही अमोलला सांगत होता, आजीला चहात साखर कमी पडली वाटतं.

त्यानंतर आपण तो विषय काढला नाही. मी उत्तर देणार होते. नीट, चार माणसांत, तुम्हाला निरुत्तर करणारं उत्तर तयार करत होते. तोवर तुमच्या छातीत कळ आली, जीपमधून बीडला नेलं, आणि नर्सनं तुमचा चष्मा, कडीच्या कुलपाची किल्ली आणि तो बिल्ला माझ्या हातात ठेवला. बिल्ला गरम होता. खिशातला होता म्हणून.

तुमचे दिवस घालून झाल्यावर मी डबा समोर घेऊन बसले. घरातली सगळी म्हणाली, त्यांचा डबा, त्यांचा बिल्ला, टाका आत आणि ठेवून द्या. सोपं होतं. मी झाकण उघडलं. आत करोडगिरी नाका, जिनिंग, खडी, गोव्याच्या बोटी, आणि तळाशी माझ्या डेअरीचा बिल्ला. ती डेअरी पुढं बऱ्याच वर्षांनी खरोखर बंद झाली, तेव्हा तुम्हीच हात पुढं करून मागून घेतला होता आणि म्हणाला होता, आता बरोबर. तुमचा बिल्ला आत टाकला असता तर आपला वाद मी जिंकले असते. तुम्ही हरकत घ्यायला नव्हता. एवढा सोपा डाव मी आयुष्यात कधी सोडला नसता.

पण मला डेअरीची सकाळ आठवली. चालू जागेचा बिल्ला डब्यात पडला तर त्याला चालत परत जावं लागतं. आणि धूर तर मला आपल्या गच्चीवरून दिसत होता.

हिरवी साडी नेसले. काळ्या दोऱ्यात बिल्ला ओवून गळ्यात घातला. अमोल म्हणाला, आजी, हे काय? मी म्हटलं, गाडी काढ. पाठीमागं बसून कारखान्यावर गेले. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत लागली होती, मळीचा तो वास, तुमच्या शर्टाला यायचा तोच.

बिल्ल्याचं काय झालं ते आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. मला आत सोडलं. टाइम ऑफिसात आता अंगठा लावायचं मशीन आहे, पण जुनी फळी कपाटामागं तशीच उभी होती. कारकून चांगला होता, त्यानं कपाट सरकवलं. सगळे खिळे रिकामे. जमा केलेले बिल्ले केव्हाच मोडीत गेले, असं तो म्हणाला. तुमचा खिळा नंबरावरून शोधला, गंजला होता, पण पक्का होता. मी गळ्यातला दोरा काढला आणि बिल्ला अडकवला. कारकून म्हणाला, आजी, हे कोण बघणार? मी म्हटलं, तू बघितलंस की. त्या सगळ्या फळीवर आता तुम्ही एकटे हजर आहात, भाऊजी. बाकी सगळे गैरहजर.

तर वाद तुम्ही जिंकलात. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही देते, आता इथं चार माणसं नाहीत. पडले होते भाऊजी, बंद पडले होते, अधूनमधून. माहेरी जायचे तेव्हा आई गोदे म्हणून हाक मारायची आणि मला ओ द्यायला उशीर व्हायचा. आई गेल्यावर तेही राहिलं नाही. पण पुरती पडले नाही, कारण एका माणसाला नाव माहीत होतं. त्यानं ते फार कधी वापरलं नाही. दुधात पाणी दिसलं की तेवढा माझ्याकडं बघून हसायचा.

आता गेटवरचं. हे शेवटी ठेवलं होतं, कारण हे तुम्हाला सांगावं म्हणूनच मी लिहायला बसले. गेटवर पन्नाशीचा एक मिशीवाला वॉचमन होता, नव्या कंपनीच्या निळ्या कपड्यांत. त्यानं माझ्या गळ्यातला बिल्ला हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, आजी, हा तर जुन्या नावाचा हाय. मी म्हटलं, मी बी. तो हसला नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत जाणाऱ्यांची वही पुढं ओढली. नाव विचारलं. मी सुमन म्हणायला तोंड उघडलं आणि गोदावरी बाहेर पडलं. माझंच मला कानांना नवं वाटलं. मी घाईघाईनं म्हटलं, न्हाई न्हाई, सुमन लिही. त्यानं पेन वर उचललं. मी म्हटलं, बाबा, एक माहेरचं आहे आणि एक सासरचं, तुझ्या वहीत बसेल ते लिही. मागं ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. त्यानं त्यांना हातानं थांबवलं, वही स्वतःकडं सरळ करून घेतली आणि म्हणाला,

"दोनी लिव्हतो आजी. रकाना मोठा हाय."